पडले की पाडलं

जबाब वाचून दाखवायचा, असा नियमच होता. जमादार सेगावा चष्मा सावरून वाचू लागले, "मी, कुमागाई चिझुरु, वय एक्केचाळीस..." लिहिणारे ते, पण कागदावर बोलायची मात्र ती. त्या जाड पुरुषी आवाजात स्वतःला 'मी' म्हणताना ऐकून चिझुरुने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

पातळ भिंतीपलीकडे बाकावर तिचा नवरा तेत्सुओ बसला होता. तिच्या मागोमाग आला, तेही ठाण्यासाठी गोड बनांचा डबा घेऊन. गावच्या अग्निशमन पथकातला माणूस, इथे सगळ्यांचा दोस्त. मधूनमधून खाकरत होता. घरी तो असा खाकरला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

"...आमचा वाद झाला आणि मी जिन्यावरून पडले."

"पडले नाही," ती पुटपुटली. "त्यांनी पाडलं, असं म्हटलं होतं मी."

"एकच की हो, वहिनी! नवराबायकोचं भांडण. सहीचा शिक्का आणलाय ना?"

वहिनी! म्हणजे हे दीर झाले. खरं तर संतापायला हवं होतं, पण तिला नुसती भीती वाटत होती. नवऱ्याला लांब ठेवायचा हुकूम मागायचा, तर हाच कागद कोर्टात जाणार. 'पडले'वर शिक्का मारला की संध्याकाळी तेच घर, तोच जिना.

तिने पिशवीतून काढलेल्या शिक्क्यावर आडनावही त्याचंच. तिने तो पिशवीत परत टाकला. "आधी ते 'पडले' खोडा. अंगठा चालतो ना?"

"चालतो. पण खोडलं तर पुन्हा वाचावं लागेल. मोठ्याने." सेगावांनी भिंतीकडे पाहिलं. "त्याला ऐकू जाईल."

तिनेही भिंतीकडे पाहिलं. "जाऊ दे."

सेगावांनी नाराजीने समासात लिहिलं: तीन शब्द खोडले, चार घातले. तिच्या अंगठ्याचा पहिला ठसा पसरला. दुसरा उमटला.

"नवऱ्याने मला जिन्यावरून पाडलं," सेगावांनी वाचलं.

खाकरणं थांबलं. बाक करकरला, पावलं दारापाशी आली आणि दाराची मूठ हळूहळू फिरू लागली. सेगावा त्या मुठीकडे पाहतच राहिले. मग झटकन उठून त्यांनी कडी लावली आणि ओरडले, "तेत्सुओ, खाली बस!"

परत येऊन त्यांनी कोरा कागद घेतला.

"चिझुरुसान," आता वहिनी न म्हणता, आदराने नाव घेत ते म्हणाले, "याआधी कधी?"

दाराकडे न बघता ती पहिल्यापासून सांगायला लागली.