दार बंद, प्रतिसाद नाही

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा वसुली कार्यालयाचं पाकीट आलं. अण्णांनी खळीचे हात पुसले, सुरीने पाकीट सरळ कापलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. अण्णा बाइंडर. लोकांच्या खिळखिळ्या पुस्तकांना नव्या पाठी लावण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान, मागच्या दोन म्हणजे आमचं घर. मी एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करते.

कर्ज आईच्या डायलिसिससाठी काढलं होतं. शेवटच्या चार महिन्यांत हप्ते थकले, कंपनी कोर्टात गेली, आणि कोर्टाच्या हुकुमावर वसुली कार्यालयाचा बेलीफ आमच्या मागे लागला. यातलं काहीच आम्ही नाकारत नव्हतो. पण या कागदावर कर्जाच्या आकड्याखाली आणखी एक यादी होती. बेलीफच्या भेटींचा खर्च. तीन भेटी, आणि तिसरीला दीडपट, कारण त्या दिवशी जप्तीसाठी गाडी सोबत आणली होती म्हणे.

अण्णांनी चष्मा काढून कागद माझ्याकडे दिला. "ही तारीख बघ."

तिसरी भेट आई गेली त्याच दिवशीची होती. वेळ सकाळी अकरा वीस. पुढे शेरा: दार बंद, प्रतिसाद नाही.

"त्या दिवशी आपलं दार बंद होतं का गं?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरोखरच विचारलं. त्या दिवसातलं त्यांना किती आठवत होतं, देव जाणे.

त्या दिवशी आमच्या घराला दारच नव्हतं. स्ट्रेचर आत वळेना, म्हणून अण्णांनी स्वतः बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार उचलून बाहेर गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं. सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कापायच्या मशीनला चादर गुंडाळून बाजूला सारलं होतं आणि आई मधोमध. ते स्क्रू दोन दिवसांनी शर्ट धुवायला टाकताना मला अण्णांच्या खिशात सापडले.

मी हे सांगितलं, तेव्हा अण्णांनी कागद परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "कर्ज माझं आहे. ते मी फेडीन. पण हे मी देणार नाही."

"देऊन टाकू, अण्णा. ब्याद जाईल एकदाची."

"नाही."

माझे वडील कुणाच्या अध्यात ना मध्यात. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी 'असेल त्याची अडचण' म्हणून सोडून देणारे. आई नेहमी म्हणायची, यांना भांडता येत असतं तर आपण आज माडी बांधली असती. तोच माणूस दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वसुली कार्यालयाच्या खिडकीपुढे उभा राहिला. सोबत मी.

खिडकीतल्या बाईंनी स्क्रीनवर पाहिलं. "बेलीफने नोंद केलीय. म्हणजे ते आले होते."

"आले असतील तर दार बंद कसं लिहिलं?"

"वाजवलेलं तुम्हाला ऐकू आलं नसेल, काका."

"बाई, दार काढून ठेवलं होतं. वाजवणार काय?"

रांगेत मागे कोणीतरी हसलं. बाईंच्याही तोंडाचा कोपरा हलला, पण अण्णांचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. ड्रॉवरमधून फॉर्म काढत म्हणाल्या, "हरकत नोंदवा. पुरावा जोडा."

दार नव्हतं याचा पुरावा कोण देणार? आम्ही मृत्यूचा दाखला जोडला, शेजारच्या तीन बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. प्रत्येकाकडे जाऊन अण्णांना तो दिवस पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागे. मग समोरचा त्याला जे आठवे ते सांगे, आणि सहीला घरातलं पेन काही लवकर सापडत नसे. घरी आले की अण्णा पुठ्ठे कापायला बसत. एका संध्याकाळी त्यांनी एक अख्खा गठ्ठा चुकीच्या मापाचा कापला. त्यांच्या हातून तसं मी पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं.

सुनावणीची तारीख पडायच्या आधीच बेलीफ पुन्हा आला. पन्नाशीचा, अंगाने जड, एका गुडघ्याने अधू माणूस. दोन जिने चढून त्याला धाप लागली होती. सामानाची यादी करायची आहे म्हणाला. धंद्याची हत्यारं जप्त करता येत नाहीत, तेव्हा मशीन सोडून बाकीचं लिहितो. आवाज मवाळ होता. कपाट, टेबल, पंखा. आईच्या खाटेशी आला तेव्हा पेन थांबलं, आणि खाट न लिहिताच तो पुढे सरकला.

माझा संयम सुटला. "तिसऱ्या वेळी आलात ते तुम्हीच का?"

"हो."

"दार बंद होतं?"

त्याने माझ्याकडे नाही, अण्णांकडे पाहिलं. "नव्हतं."

अण्णांनी त्याला स्टूल दिलं. तो बसला, गुडघा चोळत राहिला आणि मग सगळं बोलला. त्या दिवशी तो जिना चढत होता, तेव्हाच आम्ही आईला खाली आणत होतो. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. कोणीतरी ओरडलं, 'अहो, बघत काय उभे राहिलात, धरा!' त्याने बॅग पायरीवर टाकली आणि धरलं. खाली शववाहिनीपर्यंत आला. गाडी गेल्यावर बॅग घ्यायला परत वर चढला, आणि तिथेच पायरीवर बसून फॉर्म भरला.

"पण मग दार बंद असं का लिहिलं?" मी विचारलं.

"फॉर्ममध्ये तीनच चौकोन आहेत, ताई. वसुली झाली, जप्ती केली, दार बंद. घर उघडं सापडलं असं कळवलं, तर जप्ती का केली नाही म्हणून विचारतात. त्या घरात मी काय लिहून घेणार होतो?" त्याने पेनला टोपण लावलं. "खर्च तुमच्या माथी बसेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो आपोआप लागतो. नाही आलं लक्षात."

"सुनावणीत हेच सांगाल?"

"खोटी नोंद केली म्हणून गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाला काढलं. माझी दोन वर्षं राहिलीत." मग तो अण्णांकडे वळला. "पण चूक माझी आहे. तुम्ही सांगा. मला विचारलं तर मी नाकारणार नाही."

अण्णांनी त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि एक एक पायरी जपत खाली उतरला.

मी मनात म्हटलं, आता जिंकलो.

सुनावणी एका लहानशा खोलीत झाली. अधिकारी तरुण होता, पण नीट ऐकून घेणारा. त्याने दाखला पाहिला, सह्या पाहिल्या. "तुमचं म्हणणं असं, की बेलीफची नोंद खोटी आहे. तसं असेल तर खर्च रद्द होईल आणि त्यांच्यावर कारवाई होईल. बरोबर?"

अण्णा समोरच्या कागदाची दुमडलेली कड अंगठ्याने सपाट करत होते. मी टेबलाखालून त्यांना ढोसलं.

"तुम्ही त्या दिवशी स्वतः घरात होतात ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"होतो," अण्णा म्हणाले. "पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, साहेब. दार बंद असेलही. मी हरकत मागे घेतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी लहान असताना रस्ता ओलांडायच्या आधी ठेवायचे तसा. अधिकाऱ्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि सही घेतली. खर्च कायम झाला, वर हरकतीची फी लागली.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच भांडले. "एवढे दिवस दारोदार फिरलो ते कशासाठी? पैसे काय झाडाला लागलेत?"

अण्णा चालत राहिले. चौक ओलांडल्यावर म्हणाले, "वळणावर माझा हात सुटला होता."

"काय?"

"आई. तिच्या अंगाला किती सूज होती, तुला माहीत आहे. वळणावर सगळा भार माझ्या बाजूला आला आणि माझा हात सुटला. तू मागे होतीस, तुला दिसलं नाही. त्याने खालून खांदा दिला." ते थांबले. "ती पडली असती गं. जिन्यात. सगळ्यांच्या देखत."

तरी माझा राग काही गेला नाही. त्या आठवड्यात अण्णांनी कापायचं मशीन विकलं. जे जप्तीतून सुटलं होतं, तेच स्वतःहून विकलं आणि सगळा हिशेब एका रकमेत चुकता केला. न्यायला आलेल्या माणसांनी ते चौघांत उचललं. अण्णा त्यांना 'सावकाश, सावकाश' म्हणत राहिले. मग मोठी सुरी आणि लोखंडी पट्टी घेऊन हातानेच पुठ्ठे कापायला लागले. त्यांच्या तर्जनीला पहिल्याच दिवशी फोड आला.

तो फोड पाहूनच मी ते केलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वसुली कार्यालयाच्या वेबसाइटवर तक्रारीचं पान उघडलं. तारीख, वेळ, बेलीफचा क्रमांक. दार काढून ठेवलं होतं. बेलीफने आमच्या घरात बसून हे कबूल केलं. तो जिन्यात थांबला, त्याने धरलं, तेही लिहिलं, कारण त्यावरून तो तिथे होता आणि त्याला सगळं दिसत होतं, हे सिद्ध होत होतं. रिपोर्ट टाइप करते तसं मुद्देसूद. बटण दाबलं आणि डबा उघडून जेवायला बसले. अण्णांना सांगितलं नाही. उत्तर येईल असंही खरं तर वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तक्रार रास्त आढळली, तिसऱ्या भेटीचा खर्च आणि हरकतीची फी परत करत आहोत, संबंधित कर्मचाऱ्याची सेवा समाप्त केली आहे, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. पाकीट अण्णांच्या नावाने होतं. त्यांनी ते सुरीने सरळ कापलं आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"तक्रार कोणी केली?"

मी सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, जमलं नाही.

"काय लिहिलं होतंस?"

मी फोनवर काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि फोन लांब धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सगळं खरं आहे," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते पुन्हा त्या खिडकीपुढे गेले. मी न विचारता सोबत गेले, त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांना बेलीफचा पत्ता हवा होता. परत आलेली रक्कम पाकिटात घालून आणली होती.

"पत्ता देता येत नाही, काका," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "चौकशीत तुमच्या तक्रारीतले शब्द त्यांना वाचून दाखवले. त्यांनी एका ओळीत लिहून दिलं, की होय, दार उघडं होतं. बाकी काही सांगितलं असतं तर कदाचित सांभाळून घेतलं असतं. पण बोललेच नाहीत."

"तो धरायला थांबला होता," अण्णा म्हणाले.

"तेही तक्रारीत होतं ना. म्हणून तर ते तिथे होते हे सिद्ध झालं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पाकीट ठेवून घ्यायला त्या तयार नव्हत्या. अण्णांनी मग चिठ्ठी लिहायला एक कागद मागितला. तो कधी काही कागद न्यायला आला तर द्या म्हणाले. बाई म्हणाल्या, शब्द देत नाही, पण ठेवते. अण्णांनी आपल्या गोल, सुटसुटीत अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि खाली फोन नंबर घातला.

कुठेही नंबर द्यायचा झाला की अण्णा माझा देतात. दवाखान्यात, बँकेत, गिऱ्हाइकांनासुद्धा. त्यांना रिंग ऐकू येत नाही आणि फोन कुठे ठेवला तेही आठवत नाही. त्या दिवशी मी सवयीने नंबर सांगायला लागले, पण त्यांचं लिहून झालं होतं. त्यांनी त्यांचा स्वतःचा घातला होता.

आता काम करताना फोन त्यांच्या समोर असतो, पुठ्ठ्यांच्या शेजारी, आवाज पूर्ण वाढवून. वाजला की सुरी खाली ठेवतात, हात पुसतात आणि घाईने उचलतात. बहुतेक वेळा कुणाचं तरी पुस्तक तयार झालं का, एवढंच विचारायचं असतं.