गार बाजू

उत्पलानं डब्याच्या झाकणाला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. वरची बाजूही तापली होती. खाली जाळ छान फुलला होता. जुन्या सीडीचं चाक तिनं आतापर्यंत अकरा वेळा हातानं फिरवून दिलं होतं, आणि अकराही वेळा ते दोन गिरक्या घेऊन, जरा मागंपुढं झुलून, गप्प उभं राहिलं होतं. विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक तीन टेबलं सोडून एका पवनचक्कीपाशी पोचले होते.

इंजिन तिनं एकटीनं केलेलं होतं. दूध पावडरचा डबा, आत तारेच्या घासणीचा हलका गोळा, वर फुग्याचं रबर, सायकलच्या स्पोकचा दांडा. खाली तापली की हवा फुगते, वर निवली की आक्रसते. या फुगण्या-आक्रसण्यावर चाक फिरतं. ना पेट्रोल, ना डिझेल. दोन महिने तर तिनं नुसत्या इंधनावर घालवले होते. स्पिरिट भुर्रकन उडून जायचं, रॉकेलची काजळी डब्याला धरायची. शेवटी गवरीचा चुरा आणि उसाचं चिपाड करंजाच्या तेलात मळून तिनं सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या, तेव्हा आई म्हणाली होती, "एवढ्या मायेनं लाडू वळले असतेस, तर घरानं खाल्ले तरी असते गं."

गोळ्या पास झाल्या होत्या. घात करत होतं ते पाणी. हे इंजिन नुसत्या आगीवर चालत नाही, आग आणि गारवा यांच्यातल्या फरकावर चालतं, हे तिला पाठ होतं. पण त्या दुष्काळी वर्षी गार म्हणावं असं वाडीत काही उरलंच नव्हतं. टँकर तीन दिवसांआड यायचा आणि त्यातलं पाणी सकाळचे अकरा वाजायच्या आत अंघोळीला काढल्यासारखं व्हायचं. झाकणावर ओतायला मुख्याध्यापकांनी तिला एक तांब्या दिला होता, तोही "उरलं तर परत आण" असं बजावून.

पवनचक्कीपाशी टाळ्या वाजल्या. उत्पला पळत सुटली.

शाळेच्या कुंपणाला लागूनच दूध संस्थेची चारा छावणी होती. चौसष्ट जनावरं, बांबूचं फाटक आणि पत्र्याची एक खोली. खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यात एक निळी पेटी होती. तिनं झाकण उघडलं तर वरच सोड्याच्या बाटल्या आडव्या रचलेल्या, आणि चारी कडांना चार आईसपॅक, दगडासारखे घट्ट. प्रदर्शनाला पाहुणे येणार म्हणून चेअरमन अर्जुनराव सकाळपासून नाचत होते, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पाहुण्यांनी एक दिवस कोमट सोडा प्यायला तर काही मरत नाहीत, असं म्हणत तिनं चारही पॅक ओढणीत गुंडाळले.

बाराव्या वेळी चाक थांबलं नाही. ते असं सुटलं, असं सुटलं की परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. पहिला नंबर. पॅक परत ठेवायला ती गेली तोवर त्यांचं पाणी झालं होतं. तिनं ते तसेच पेटीच्या कडांना खोचले आणि हसतच बाहेर आली.

चार वाजता छावणीत जनावरं रांगेनं बांधली गेली. लाळ्या-खुरकुताची लस टोचायची होती. टोचायचं काम सटवामामाकडं. तो छावणीवरचा मदतनीस, उत्पलाच्या आईच्या माहेरचा, म्हणून मामा.

"या इंजिनेर बाई," तो म्हणाला. "जरा आमचं गरिबाचं काम करा. बाटल्या धरा."

त्यानं निळी पेटी उघडली. उरलेल्या सोड्याच्या बाटल्या बाजूला काढल्या, खालचं फडकं उचललं आणि त्याखालच्या लशीच्या बाटल्या एकेक करून तिच्या हातात दिल्या.

उत्पलानं पहिल्या बाटलीवरचं लेबल वाचलं. दोन ते आठ अंशांतच ठेवावी, तापल्यास निकामी. बाटली तिच्या तळहाताइतकीच उबदार होती.

"काय गं, गप का झालीस?" कडूबाईनं विचारलं. रांगेत पहिली तिचीच गाय होती, तांबडी, सात महिन्यांची गाभण. "लई कवतिक झालं न्हवं सकाळपासून? दमलं लेकरू."

उत्पलानं तोंड उघडलं. तेवढ्यात शाळेतल्या दोन बाई कौतुकानं तिच्याकडं बघत फाटकातून आत आल्या, आणि ते तोंड हसण्यासाठीच उघडल्यासारखं झालं. सटवामामानं पिचकारी भरली. एक झालं, दोन झाली, दहा झाली. दहाव्यानंतर सांगायचं तर आधीच्या दहांचं काय, हा प्रश्न, तिसाव्यानंतर तिसांचा. चौसष्टावं जनावर संपलं तेव्हा तिच्या हातात रिकाम्या बाटल्या होत्या आणि तिनं त्या मोजल्यासुद्धा नाहीत.

शेवटी डॉक्टरांचा निरोप सगळ्यांना वाचून दाखवला गेला. लस अंगात भिनेपर्यंत, एकवीस दिवस, बाहेरचं जनावर छावणीत घ्यायचं नाही. त्यानंतर भीती नाही.

त्या एकवीस दिवसांत उत्पलाचं फार चांगलं चाललं होतं. परळीच्या प्रदर्शनात इंजिन दुसरं आलं. छावणीच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला; त्यात तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि अर्जुनरावांचा माणसाएवढा होता. कडूबाईनं तिच्या मुठीत भाजलेल्या शेंगा कोंबल्या. उत्पला मात्र शाळेत जाताना छावणीच्या आतून जायची आणि प्रत्येक जनावराच्या तोंडाकडं बघायची. लाळ गळतेय का. पाय उचलून धरलाय का. तांबडी तिला ओळखायला लागली होती, मान पुढं करायची. उत्पला तिला हात लावायची नाही.

एकविसाव्या दिवशी अर्जुनरावांनी छावणीत सांगून टाकलं की उद्या घाटावरच्या एका गावातनं टेम्पो येतोय, दहा जनावरं. तिकडं खुरकूत आलाय खरा, पण आपली टोचलेली हायती, आपल्याला काय धाड भरलीय. अनुदान जनावरामागं मिळतं, हे ते बोलले नाहीत, पण सगळ्यांना कळलं.

दुपारीच तिनं सटवामामाला गव्हाणीपाशी गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पॅक, ओढणी, पाणी, लेबल. तो कडबा तोडत होता. थांबला नाही.

"तुला काय वाटलं," तो खाली बघूनच म्हणाला, "माज्या हाताला कळलं न्हाई?"

"म्हंजे?"

"वीस वर्सं टोचतोय. बाटली हातात घेतल्याबरूबर कळलं."

"मग टोचलं कावून, मामा?"

"पेटीत सोड्याच्या बाटल्या मीच घातल्या. पेटी सकाळपासून धा डाव उघडली. मला वाटलं, त्यानंच बर्फ गेला. चौसष्ट जनावरं रांगेत हुबी, बाया कौतिकानं बघायल्या, डाक्टरची गाडी नांदूरघाटला गेलती." त्यानं कडब्याची पेंढी आपटली. "त्या दिशी न्हाई बोललो. मंग दुसऱ्या दिशी बोलायला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

उत्पलाला वाटलं होतं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आता गप ऱ्हा," तो म्हणाला. "येकबी जनावर आजारी न्हाई. माजी नोकरी तेवढीच हाय, बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला, तेव्हा ती दप्तरासकट फाटकातच उभी होती. अर्जुनराव हार घातल्यासारखे पुढं आले. बाया-बाप्ये जमले.

"काका," ती म्हणाली, "टेम्पो आत घेऊ नका."

"का बरं, शास्त्रज्ञ?"

काही लोक हसले. उत्पलानं सांगितलं. परळीच्या परीक्षकांसमोर खणखणीत बोललेली ती, इथं दोनदा अडखळली, पण शेवटापर्यंत आली. सटवामामाच्या हाताला काय कळलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. हसणारे थांबले.

अर्जुनरावांनी आवाज खाली आणला. "पॅक काढताना तुला कुणी पाहिलं होतं?"

"न्हाई."

"मग आज कशाला हे? पोरीची जात, फोटो लागलेत तुजे."

"साहेब." सटवामामा गर्दीच्या मागून बोलला. तो पुढं आला नाही, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "बाटल्या गरम लागल्या मला. तरी टोचल्या. आन पेटीत सोडा ठिवाया तुमीच सांगितलंत."

कडूबाई उत्पलाकडं बघत होती. मग तिनं नजर काढून घेतली, रांगेत गेली, तांबडीचं दावं सोडलं आणि गाय लांब, एकटीच बाभळीला नेऊन बांधली. तिच्यामागून दुसरी गेली. मग तिसरी.

अर्जुनरावांनी खिशातून फोन काढला. "डॉक्टरला बोलवावं लागंल," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. आणि मग ड्रायव्हरला, "मागं घे रे."

टेम्पोत फळीला धरून एक म्हातारी उभी होती, घाटावरची जाईबाई. फडक्यात भाकरी बांधून, छावणीत मुक्कामाच्या तयारीनंच आली होती. मागं तिची पांढरी गाय; फासळ्या मोजाव्यात अशी. ती टेम्पोच्या बुडाशी पडलेलं एक चिपाड चघळत होती.

गाडी वळायला लागली तशी म्हातारीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. माणसं जनावरं सोडण्यात गुंतली होती. रिकामी उभी होती ती एकटी उत्पलाच.

"लेकी," जाईबाईनं वाकून विचारलं, "चारा हाय म्हनले होते की. कावून परतवलं गं आमाला?"

उत्पला टेम्पोबरोबर चालायला लागली. हातानं फळी धरली.

"आजी, ते माझ्यामुळं," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.