सव्वीस जानेवारीचं गाऱ्हाणं

सुलक्षणेने धुतलेलं धोतर सहदेवच्या मांडीवर टाकलं आणि दार लोटून घेतलं. खाली चाळीच्या चौकात झेंडावंदन नुकतंच उरकलं होतं. आता माईकवरून पूजेला बसायचं बोलावणं चाललं होतं. वाकोल्याच्या या चाळीत सव्वीस जानेवारीला आधी झेंडा आणि मग सत्यनारायण, हे चाळीस वर्षं असंच चालत आलेलं.

"आज तुमी तेचा नाव घेवचा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. घेतल्याशिवाय घराक येव नकात."

सहदेवने धोतर उलगडलं, पुन्हा घडी घातली.

"ऐकलात काय?"

"ऐकलंय गो."

नाव घ्यायचं होतं ते गाऱ्हाण्यात. पूजा आटोपली की चाळीच्या वतीने एकजण हात जोडून देवाशी बोलतो, मालवणीत, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला सगळी चाळ 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देते. एकदा व्हय म्हटलं की ते मागणं एकट्याचं राहत नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने गाऱ्हाण्यात अन्याय करणाऱ्याचं नाव घेऊन दाद मागितली, चार माणसांनी व्हय म्हटलं, तर वर्षाच्या आत निवाडा होतोच, असं मानणारी माणसं अजून आहेत. मग ज्याचं नाव घेतलं त्या माणसाची सुटका एकाच वाटेने. ज्याने नाव घेतलं त्याचेच पाय धरायचे आणि त्याच्याकडूनच देवासमोर ते मागे घेववायचं. शिकलेली मंडळी या सगळ्याला हसतात. हसोत बापडी. पण त्यांच्यातलाही कोणी आपलं नाव तिथे घेऊ देणार नाही, हे लिहून देतो.

नाव नंदकुमारचं होतं. समोरच्याच ओळीत राहणारा, तीन खोल्या एकत्र करून. लहानपणी आई कामावर गेली की हा सुलक्षणेच्याच हातचा भात जेवायचा. पुढे लिफ्ट दुरुस्तीची एजन्सी काढली आणि सहदेवच्या मुलाला, राजेशला, कामाला घेतलं. लिफ्टच्या कामाला दोन माणसं लागतात, एक वरती मशीनपाशी आणि एक खाली. दोन वर्षांमागे एका रविवारी नंदकुमारने फोन करून राजेशला सांताक्रूझच्या एका इमारतीत पाठवलं, ते एकट्याला. राजेश खाली खड्ड्यात उतरला होता, वरती कोणी नव्हतं, आणि लिफ्ट खाली आली.

संध्याकाळपर्यंत नंदकुमारच्या हजेरीबुकात राजेश रजेवर दाखवलेला होता. वरच्या कमाईसाठी तो परस्पर गेला, मी त्याला पाठवलंच नव्हतं, फोन केला तो तब्येत विचारायला, असा जबाब दिला गड्याने. वॉचमनने आधी खरं सांगितलं, मग तो गावी निघून गेला आणि परत आला तो काही आठवत नाही म्हणत. फाईल बंद झाली. पोरगा गेला तो गेलाच, वर चोर ठरून गेला. सून दर्शना लेकराला घेऊन घाटकोपरला माहेरी राहायला गेली.

आणि नंदकुमार? त्याचं काय वाकडं झालं? एजन्सी वाढली, दारात नवी गाडी आली, गेल्या वर्षी मंडळाचा अध्यक्षही झाला. सहदेव रोज सकाळी गॅलरीत बसून हे बघायचा. त्याच्याकडे दूध किती येतं, एसीवाला कधी येतो, तो खोकतो किती वाजता, सगळं पाठ. कुठे काही बिनसलंय का, याची वाट बघत दोन वर्षं गेली.

आठवड्यापूर्वी हाच नंदकुमार दारात उभा राहिला होता.

"काका, यंदा गाऱ्हाणं पूर्वीसारखं तुम्हीच घाला. दोन वर्षं मंडळाचा तो सुबोध मोबाईलवर बघून वाचतोय, मजाच नाही येत यार. झालं ते झालं. चाळीची पूजा आहे ना?"

सहदेवने हो म्हटलं होतं. का म्हटलं ते त्याने कोणालाच सांगितलं नाही, पण सुलक्षणेने बरोबर ओळखलं. वाक्यं त्याची तयार होती. रात्रंदिवस घोटून तयार केलेली.

खाली भटजींनी आरती आटोपती घेतली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला उभे राहिले. नंदकुमार अगदी पुढे, रेशमी कुर्त्यात, कपाळावर ठसठशीत गंध. लोकांची नजर सहदेवकडून त्याच्याकडे आणि परत सहदेवकडे जात होती. सगळ्यांना ठाऊक होतं की म्हातारा आज काहीतरी बोलणार.

सहदेवने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या चाळीतल्या लेकरांनी एक होवन तुझी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात काय चुकला, काय कमी पडला, तर पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज अजून तसाच होता, खणखणीत. त्याने एकेका घराचं मागणं मागितलं. कोणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, कोणाची नोकरी सुटली होती. जानकीआजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. दर मागण्याला व्हय म्हाराजा होत होतं आणि त्यात सगळ्यांच्या वर एक आवाज ऐकू येत होता, तो नंदकुमारचा. काय धीट माणूस!

मग सहदेव थांबला.

पलीकडून सुलक्षणा डोळे फाडून बघत होती. वाक्य जिभेवर आलं होतं. सहदेवने नंदकुमारकडे बघितलं, आणि एकाएकी त्याच्या ध्यानात आलं की आज नाव घेतलं की उद्या सकाळपासून पुन्हा गॅलरीत बसायचं आहे. याची गाडी ठोकली गेली का, याची साखर वाढली का, देवाने ऐकलं की नाही ऐकलं. वर्षभर. आणि वर्ष संपलं आणि काहीच झालं नाही, तर देवाशी पण वैर.

त्याने डोळे मिटून राजेशला आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आला, पण हसायचा कसा ते येईना. नंदकुमारचं खोकणं मात्र त्याने आत्ता करून दाखवलं असतं. सहदेवला फार वाईट वाटलं. इतकं वाईट त्याला स्मशानातही वाटलं नव्हतं. दोन वर्षं आपण मुलाचं दुःख करतोय असं समजत होतो, आणि करत काय होतो, तर या माणसाच्या दाराची राखण.

त्या खड्ड्यात राजेशजवळ दुसरं कोणी नव्हतं. देव एक होता. वॉचमन फुटला, पण हा साक्षीदार फुटणारा नव्हता. मग त्याला पुन्हा पुन्हा आठवण कसली करून द्यायची?

"बा देवा म्हाराजा," सहदेव म्हणाला, आणि आवाज खाली आला. "दोन वर्सांमागे माझो झील राजेश कामार गेलो, तो परत इलो नाय. तो रजेवर नव्हतो म्हाराजा. तेका बोलावल्यानी, म्हणान तो गेलो."

माईक घुं करत राहिला. मग बायकांतून जानकीआजीचा कापरा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

तिच्यामागून एक, मग दुसरा, मग सगळी चाळ. जे पोलिसांपुढे कोणी बोललं नव्हतं ते चौकात बोललं गेलं. नंदकुमारचे ओठ मिटलेले होते.

"कोणी बोलावल्यानी, ता तुका ठावक आसा. मी नाव घेवचंय नाय. मी काय शिक्षा मागूचंय नाय. ह्यो निवाडो मी तुझ्या पायाकडे ठेवलंय. तू आज कर, धा वर्सांनी कर, नायतर माझ्या माघारी कर. मी परत इचारूक येवचंय नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सहदेवने वाकून नमस्कार केला आणि माईकपासून दूर झाला. सुलक्षणा तीर्थालाही थांबली नाही, तरातरा जिना चढून गेली.

प्रसादाच्या रांगेतून नंदकुमार आडवा आला. घामाघूम झाला होता, पण हसत होता. वाकून सहदेवच्या पायांना हात लावला.

"काका, मोठं मन तुमचं. मला वाटलं होतं आज माझी वाट लागणार. माफ केलंत, बरं वाटलं."

"माफ?" सहदेवने विचारलं. "माफ खय केलंय रे मी?"

"नाव नाही घेतलंत ना."

"नाय घेतलंय. इतके दिवस मधी मी होतंय. ह्या म्हाताऱ्याक सांभाळला म्हणजे झाला, असा तुका वाटत होता. आता मी मधसून उठलंय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तो सांगत होता. "आता तू आणि तो."

नंदकुमारने चौरंगाकडे बघितलं. केळीच्या खांबांमध्ये देवाचा फोटो होता, फुलांनी जवळजवळ झाकलेला. हातातला प्रसादाचा द्रोण त्याने तसाच धरून ठेवला. हसू कधी गेलं ते त्याचं त्याला कळलं नाही.

"काका, थांबा ना. आपण बोलू. दर्शनाचं काहीतरी करतो मी, मनात होतंच माझ्या. तुम्ही सांगाल तसं करतो."

"तिचा काय करूचा ता तिका जावन सांग. खरा काय ता पोलिसांका सांग. माका कित्या सांगतस?"

"काका, अहो..." तो जवळ सरकला, आवाज बारीक झाला. "त्यापेक्षा नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं हो."

सहदेवला ते समजलं. नाव घेतलं असतं तर ते मागे घेता आलं असतं. पण जे घेतलंच नाही, ते मागे कोण घेणार? त्याने नंदकुमारच्या खांद्यावरून पलीकडे, जिन्याकडे बघितलं.

"माका भूक लागली," असं म्हणून तो निघाला.

वर सुलक्षणा भिंतीला टेकून बसली होती. ताट वाढलेलं नव्हतं. त्याने स्वतःच भात घेतला, आमटी घेतली आणि पाटावर बसला.

"भिलात तुमी," ती म्हणाली.

"नाय गो."

"आणि तेका कायव झाला नाय तर? असोच मजेत रवलो तर?"

सहदेवने आमटीत भात कालवला. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते तिला गोड लागणारं नव्हतं.

"तर रवलो," तो म्हणाला. "ता बघूचा काम माझा नाय."

ती रडायला लागली. तो जेवत राहिला, आणि जेवता जेवता त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्याने पुसलं नाही. हात धुऊन तो जमिनीवरच आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. सुलक्षणा बघत राहिली. गेली दोन वर्षं हा माणूस दुपारी काय, रात्रीही धड झोपला नव्हता.

तीनच्या सुमारास दारावर टकटक झाली. नंदकुमार होता, अजून त्याच कुर्त्यात. गंध पुसट झालं होतं.

"काकी, काका आहेत? फक्त दोन मिनिटं."

"निजलेत."

"उठवता का जरा?"

सुलक्षणेने मागे वळून बघितलं. सहदेव कुशीवर वळला होता, तोंड थोडंसं उघडं.

"नाय," ती म्हणाली.

"मग मी इथेच थांबतो. किती वेळ झोपतील?"

"माका काय ठावक," असं म्हणून तिने दार लोटून घेतलं आणि आपलं ताट वाढायला बसली.