चौथं पाकीट

सहामाहीला गणितात ब्याऐंशी मिळाल्यापासून शेफालीचा घरातला आवाज जरा चढलाच होता. म्हणून दिवाळीच्या खर्चाची वही यंदा तिनेच ओढून घेतली. गेल्या दिवाळीला बाबांनी सगळी खरेदी क्रेडिट कार्डावर केली, आणि हप्ते फेडता फेडता गणपती आले. मधल्या मध्ये शेफालीची शाळेची सहल बुडाली. सगळा वर्ग कोकणात जाऊन आला आणि ही बसली सदाशिव पेठेत, त्यांचे फोटो बघत.

यंदा बोनस आला अठ्ठावीस हजार. त्यातले सहलीचे साडेचार हजार शेफालीने पहिल्यांदा आईच्या कपाटात ठेवले. उरलेल्याची चार पाकिटं केली. फराळ, कपडे, पणत्या-कंदील, आणि चौथं मैनाआत्याची भाऊबीज. चौथ्यात तीन हजार.

बाबांनी ते पाकीट असं धरलं, जणू आतून झुरळ निघणार आहे. "तीन हजारांची साडी? गेल्या वर्षी चौदाची नेली होती. लोणीला सासरी तिच्या जावा बघतात गं, भावाने काय दिलं ते."

"आणि आत्याने तुम्हाला महागडं घड्याळ दिलं," शेफाली म्हणाली.

"म्हणून तर. आता त्याच्या खाली कसं यायचं?"

"अहो, पुन्हा हप्ते लागले ना," आई लाडू वळता वळता शांतपणे म्हणाली, "तर तिचे सहलीचे पैसे तिकडेच जातील. तेव्हा तिला तुम्ही सांगायचं, मी नाही."

शनिवारी सकाळी बापलेक लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात गेले. बाबांनी हळूच आकडा सांगितला. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "तीन हजारांत? पलीकडच्या दुकानात पडदे छान मिळतात."

बाबांचे कान लाल झाले. "त्या वरच्या दाखवा," म्हणत त्यांनी खिशातून कार्ड काढून समोर ठेवलं. सहलीतला आंबोळगडचा समुद्र शेफालीच्या डोळ्यांसमोरून सरकत थेट त्या कार्डात शिरला.

"बाबा, दोन मिनिटं. काही घेऊ नका," म्हणून ती बाहेर आली. भांडण होईल, आत्या रुसेल, सगळं मनात येऊन गेलं. पण बोट आधीच नंबरावर पडलं होतं.

"आत्या, एक विचारू? रागावणार नाहीस ना? यंदा बाबांनी साधी साडी आणली तर चालेल? गेल्या वर्षीचे हप्ते आम्ही ऑगस्टपर्यंत फेडत होतो."



"शेफे, खरं सांगतीस?" आत्याचा आवाज बारीक झाला होता. "अगं, त्या घड्याळापायी मी भिशी आधीच उचलली व्हती. अजून भरत हाय. आणि यंदा दादाला काय घ्यावं म्हणून आठ दिवस झोप न्हाई मला. त्यानं एवढी भारी साडी दिली, मी काय हलकं देऊ व्हय?"

शेफालीला हसू आवरेना. ती तशीच आत धावली आणि बाबांच्या कानाला फोन लावला. बाबा "हं", "हं" करत राहिले. मग म्हणाले, "मैने, तू पण?" आणि काउंटरवरचं कार्ड उचलून त्यांनी शेफालीच्या हातात दिलं. "हे आईकडे दे. आणि चल, इथून निघू आधी."

दुकानदार म्हणाला, "पडदे?"

"तेच बघतो," बाबा म्हणाले. वर्षभरात शेफालीने त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटी तुळशीबागेजवळ अठराशेची सुती साडी मिळाली. उरलेल्या बाराशेतून एक पैसाही हलवायचा नाही, असं शेफालीने बजावलं. मग स्वतःच दोन भेळी मागवल्या.

भाऊबीजेला आत्या आली ती गुळाची ढेप घेऊन आणि गेल्या वर्षीची चौदा हजारांची साडी नेसून. बाबांच्या मनगटावर ते घड्याळ होतं. ओवाळून झाल्यावर आत्याने सुती साडी गालाला लावून पाहिली.

"ही बरी. ही रोज नेसता यील," ती म्हणाली. "ही अंगावरची एरवी कपाटातच असती रं, दादा. हिला हात लावायची भीती वाटती."

"मला पण या घड्याळाची," बाबा म्हणाले.

आई आतून म्हणाली, "शेफाली, सहलीचा फॉर्म कुठेय तुझा? आण, सही करते."