प्रसूतीचं ठिकाण

रुपाचं लेकरू जाऊन एकवीस दिवस झाले होते, तेव्हा आरोग्य खात्याचे साहेब कागद घेऊन तांड्यावर आले. मार्तंडराव त्यांचं नाव. सोबत खालच्या गावच्या उपकेंद्राच्या सिस्टर कालिंदीबाई होत्या. मार्तंडराव बाजेवर बसले, पाणी प्याले आणि रुपाच्या सासूला, मोतीबाईला म्हणाले, "लेकरू दगावलं की चौकशी करावी लागते, सरकारी नियम आहे. इथं अंगठा द्या, म्हणजे झालं."

मोतीबाईनं पदराला हात पुसला आणि शाईच्या डबीकडं बोट नेलं.

"याडी, थांब," रुपा आतून म्हणाली. सासूला ती याडीच म्हणायची, आईला म्हणावं तसं. "काय लिवलंय ते वाचू तरी दे."

रुपा आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकली होती. भिंतीला धरत ती बाहेर आली आणि तिनं कागद हातात घेतला.

'प्रसूतीचे ठिकाण : घर. विलंबाचे कारण : कुटुंबाने दवाखान्यात नेण्यास टाळाटाळ केली.'

एकदा तिनं मनात वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, मोतीबाईला ऐकू जाईल असं.

त्या दिवशी सकाळी आठला तिला कळा सुरू झाल्या होत्या. तिच्या नवऱ्यानं, सुदामनं, लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी हट्टा गावाकडं दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला दोन तास लागणार होते. मग सुदामनं शेजारच्या गुलाबसिंगचा टेम्पो काढला. ओढ्यातल्या दगडांवरून हादरे खात ते उपकेंद्रापाशी पोचले, तर दाराला कुलूप. सिस्टरचा फोन लागेना. सुदामनं कुलूप हातानं ओढून पाहिलं, दारावर लाथा घातल्या. शेवटी उपकेंद्राच्या ओट्यावरच रुपा बाळंत झाली. मोतीबाई आणि शेजारच्या जमनाबाईनं लुगड्याचा आडोसा धरला होता. लेकरू एकदाच रडलं, मग त्याचे ओठ निळे पडत गेले. टेम्पोतूनच त्याला जवळा बाजारच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं त्याला हातात घेतलं आणि विचारलं, "मधे कुठं ऑक्सिजन लावला होता का?"

"सायेब, हे घर न्हाई," रुपा म्हणाली. "तुमच्या उपकेंद्राचा ओटा हाये. तसं लिवा."

"तशी सोय नाही फॉर्ममध्ये. घर किंवा संस्था, दोनच रकाने आहेत."

"मग संस्था लिवा. संस्थेच्या दारातच झालं."

मार्तंडराव आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुझं दुःख मला कळतं. पण कागदात बदल करून लेकरू परत येणार आहे का?"

"न्हाई येणार. पण आमी टाळाटाळ केली म्हणून ते मेलं, असं मी त्याच्या नावावर लिवू देणार न्हाई."

सुदाम दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "जाऊ दे, रुपा. सरकारी माणसं हायेत. उद्या आपलेच कागद अडकवून ठेवतील."

"अडकवू द्या," रुपा म्हणाली. "कुलूप तुमी ओढलं हुतं. तुमच्या हाताला लागलं हुतं. विसरलात का?"

मोतीबाईनं शाईच्या डबीचं झाकण लावलं आणि डबी साहेबांच्या बाजूला सरकवली.

मार्तंडराव कागद घेऊन उठले. कालिंदीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. इतका वेळ त्या खाली बघत बसल्या होत्या. "सर, त्या दिवशी मी तिथं नव्हते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं दोन उपकेंद्रं दिलीत. त्या दिवशी दुसऱ्या गावात लसीकरण होतं, तिथं रेंज नाही. हे मी लिहून देते."

"तुमच्यावर येईल, मॅडम."

"येऊ द्या. दोन वर्षं झाली मी सांगतेय की एकटीला दोन ठिकाणी राहता येत नाही."

साहेब गेले. त्या संध्याकाळी रुपानं वहीचं पान फाडून सगळं क्रमानं लिहिलं. सुदामच्या मोबाईलमधून फोन केल्याच्या वेळा उतरवून घेतल्या. खाली मोतीबाईचा, जमनाबाईचा अंगठा आणि गुलाबसिंगची सही घेतली. कालिंदीबाईंनी आपल्या हातानं लिहिलेला कागद दुसऱ्या दिवशी पोचता केला.

दोन्ही कागद घेऊन रुपा मोतीबाई आणि जमनाबाईसोबत तालुक्याच्या आरोग्य कचेरीत गेली. तिथला बाबू म्हणाला, "ठेवून जा, साहेब आले की बघतील."

"पोच द्या," रुपा म्हणाली.

"अशा अर्जाची पोच नसते."

"मग मी बसते. मला अजून फार चालवत न्हाई, बसायला बरं पडंल."

ती बाकावर बसली. मोतीबाई शेजारी बसली, जमनाबाई खालीच बसली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. दोन वाजता तालुक्याचे मोठे साहेब आले. त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज वाचायला घेतला, अर्ध्यावर खुर्चीत बसले. मग बाबूला म्हणाले, "शिक्का मारून द्या यांना."

महिन्याभरानं नवा फॉर्म आला. त्यात लिहिलं होतं, 'प्रसूतीचे ठिकाण : उपकेंद्राच्या आवारात. उपकेंद्र बंद होते.' टाळाटाळीचा शब्द गेला होता. मोतीबाईनं विचारलं, "आता बराबर हाये का?" रुपानं शेवटपर्यंत वाचलं आणि मान हलवली. मग मोतीबाईनं अंगठा दिला. त्या रात्री रुपा पहिल्यांदा मोकळी रडली.

कालिंदीबाईंना नोटीस आली, तिला त्यांनी उत्तर दिलं. आणखी दोन महिन्यांनी दुसऱ्या उपकेंद्राचं काम कमी केलं, पण आठवड्यातले काही दिवस त्यांना अजून तिथं जावं लागतं. ओढ्यावर पूल अजून झालेला नाही.

परवा तांड्यातली पंचफुला सातव्या महिन्याच्या तपासणीला निघाली, तेव्हा रुपा सोबत गेली. उपकेंद्राचं दार उघडं होतं. दाराशेजारी नवी पाटी लावली होती : सोमवार, बुधवार, शुक्रवार.

कालिंदीबाईंनी पंचफुलाचं बीपी घेतलं, वजन केलं. रुपा पाटीसमोर उभी राहिली.

"सिस्टर, मंगळवारी कुणी बाळंत व्हायचं न्हाई का?"

कालिंदीबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी वर कळवलंय. अजून उत्तर नाही."

"तुमी काय लिवलं ते मला दाखवा," रुपा म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "आता तांड्याकडून मी लिवते. या टायमाला समद्या बायांच्या सह्या घेते."