बाजेपाशी ग्लासांची उतरंड

आमचे मालक महालिंगप्पा त्र्याण्णवच्या भूकंपापासून छताखाली झोपले न्हायत. सास्तुरात सरकारनं नवं घर दिलं. त्यात जेवायचे, पूजा करायचे, पर झोपायला अंगणात, पत्र्याखाली. बाजेपाशी उलटी घागर आन तिच्यावर स्टीलच्या ग्लासांची उतरंड. जमीन हलली की ग्लास पडणार आन हे उठणार. मांजर शिवलं तरी उठायचे. उभी जिंदगी ह्या माणसानं मला ग्लासांच्या आवाजावर जागवलंय, सांगते काय!

औंदा थंडीत त्यांच्या छातीत कफ दाटला. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता उघड्यावर झोपले तर ह्यांचं काही खरं नाही." मग आमचा विरेश आला. कळंबला शाळेत मास्तर हाय त्यो. बापाला समजावत बसला.

"आप्पा, आपला सगळा मुलूखच हळूहळू उत्तरेकडं ढकलला जातोय. खालच्या खडकात जुनी भेग हाय. तिथं ताण साठत जातो आन एक दिवस ती सरकते. लई खोल न्हाय, म्हणून धक्का मध्यम असला तरी वर जोरात लागतो. पर हे घर त्याच हिशोबानं बांधलंय. कोपऱ्याकोपऱ्यात सळया हायत."

"म्हंजे अजून ढकलतंयच व्हय?"

"व्हय."

"मग थांबंल कधी?"

मीच तडकले. "तुम्ही थांबा आधी! पोरगी काय तुमची एकट्याची गेली? मी तर स्वतः दगडाखालून निघाले. तरी पहिल्या दिवसापासून ह्याच घरात भाकरी थापतेय. मला कधी भ्या वाटलं का?"

खरंच वाटलं नव्हतं. महेश्वरी गेली तवापासून मला काहीच वाटत न्हाय. रडू बी आलं न्हाय. लोक म्हणायचे, इरम्मा लई खंबीर बाई.

आज हे आत आले. माझ्या तोंडाला कंटाळून का होईना, दुपारचं जेवून आतल्या बाजेवर आडवे झाले. म्या अंगणातली घागर आत आणली, ग्लास गोळा केले, घासून मांडणीवर लावले. कशाला पायजेत आता ही थेरं? हे घोरायला लागले तवा म्या देवाला हात जोडले.

तेवढ्यात खालून घरघर आली, ट्रक अंगणात शिरल्यागत. मांडणीवरले ग्लास खळाखळा खाली आले. पुढचं मला ठावं न्हाय. भानावर आले तवा मी अंगणातल्या लिंबाखाली उभी होते आन जमीन थांबली होती. घर जागच्या जागी. गल्लीतली माणसं एकमेकाला हाका मारत होती. म्या ह्यांना एक हाक बी मारली नव्हती.

"इरम्मा!" आतून खोकत आवाज आला. "घर उभं हाय गं. पोरगं खरं बोलत हुतं. ये आत."

"आले," म्या म्हटलं.

पाय उचलंना. उंबरा समोरच होता. दिवसातून शंभरदा ओलांडते मी त्यो. पुन्हा म्हटलं, "आले." पाय माझे नव्हतेच.

शेवटी हेच घोंगडं पांघरून दारात आले. माझ्याकडं बघत राहिले. मग बाहेर यायला पाय उचलला तशी मी ओरडले, "खबरदार! थंडी बाधंल. तुम्ही आतच झोपायचं, आजपासून रोज."

"आन तू?"

"मला भ्या वाटतंय," म्या म्हटलं. "ती घागर द्या हिकडं. ग्लास बी द्या."