दोन आठवड्यांचा फरक

मुलाखतीला चाळीस मिनिटं होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं. वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाचं मूळ शोधायला आम्ही तिघं निधी मागायला आलो होतो: प्रसूतीची डॉक्टरीण, ताण मोजणारा इंजिनिअर आणि गर्भाच्या पेशींचा अभ्यास करणारी मी. आमचा हुकमाचा एक्का म्हणजे एक आलेख. सव्विसाव्या आठवड्यात गर्भाभोवतीची पिशवी एकाएकी कमजोर होते, असं तो ठणकावून सांगत होता.

तो मी धाकट्या बहिणीलाही दाखवला होता. तिचं पहिलं बाळ सव्विसाव्या आठवड्यातच आलं आणि गेलं. ‘घरात पाय टिकत नव्हता, म्हणून झालं,’ असं सासूबाई अजून येता-जाता ऐकवतात. आलेख पाहिला त्या दिवशी ती वर्षभराने पोटभर जेवली होती.

हाताला चाळा म्हणून मी तक्ते उलटत होते आणि आठवड्यांच्या रकान्यावर बोट अडलं. "तू आठवडे कधीपासून मोजतेस?" मी डॉक्टरणीला विचारलं.

"शेवटच्या पाळीपासून. सगळेच मोजतात."

"मी गर्भ राहिल्यापासून मोजते."

म्हणजे दोन आठवड्यांचा फरक. अर्धे नमुने तिचे, अर्धे माझे, आणि इंजिनिअरने बापड्याने सगळे एकाच रांगेत बसवले होते. दोन वर्षं एका टेबलावर चहा प्यायलो, पण हे कुणी कुणाला विचारलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मी घाईघाईने आठवडे जुळवून पाहिले. ती घसरण पार सपाट झाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," इंजिनिअर पुटपुटला. "निधी मिळाला की निस्तरू."

मला त्याचा भयंकर राग आला, कारण माझ्याही मनात तेच होतं.

आत आलेख पडद्यावर लागला आणि मी म्हणाले, "हा चुकलाय." कसा, तेही सांगून टाकलं. निधी समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग पिशवी लवकर का फाटते, हे तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

डॉक्टरणीने टेबलाखाली माझा हात दाबला. "कळवतो," एवढंच अध्यक्ष म्हणाले.

जिन्यातच बहिणीचा फोन आला. तिला खरं ते सांगितलं.

"म्हणजे ताई, चूक माझीच होती?"

"नाही गं, नाही!" मी ओरडलेच. पण या वेळी तिला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.